एटनाला चाललेय, पण सुरुवात पन्हाळ्यावरून

नमस्कार मंडळी! हा हातातला दगड बघा. काळा, जड, अंगभर बारीक भोकं. पन्हाळ्याच्या वाटेवर पडला होता. पुढच्या महिन्यात मी इटलीतल्या सिसिलीत, कॅटानियाला चाललेय, एटना ज्वालामुखीवर संशोधन करायला. ऐकल्यावर मामा म्हणाला, “कोल्हापूरच्या पोरीला ज्वालामुखीतलं काय कळणार गं?” मामा, ज्याच्यावर घर बांधलंयस ना, तो लाव्हाच आहे!

साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, थरावर थर. जोतिबाच्या डोंगराकडं लांबून बघा, पायऱ्या दिसतील. दख्खनच्या या थरांपैकी एका गटाला भूगर्भशास्त्रात नावच ‘पन्हाळा फॉर्मेशन’ आहे. नाद खुळा की नाही?

आता ही भोकं. हे वायूचे बुडबुडे. दगड थिजताना आत अडकलेले. माझा सगळा अभ्यास यांच्यामागं आहे. गोटी सोडा फोडला की फस्सकन वायू सुटतो, कारण दाब कमी होतो. खालून वर येणाऱ्या शिलारसाचंही, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाचंही तसंच. पण सगळे वायू एकदम सुटत नाहीत. कार्बन डायऑक्साइड खूप खोलवरच सुटायला लागतो, सल्फर डायऑक्साइड बराच वर आल्यावर. म्हणून धुरात सल्फरच्या मानानं कार्बन अचानक वाढला, तर खोलवर नवा शिलारस आलाय असा संशय घेता येतो. एटनावर उद्रेकाआधी असं दिसलेलं आहे. दर वेळी दिसतंच असं मात्र नाही, त्यामुळं ‘ज्वालामुखीचं अचूक भाकीत’ वगैरे मथळे वाचून हुरळू नका.

सल्फर मोजायची एक रीत मला फार आवडते. हा वायू अतिनील किरणं शोषतो. गाडीवर आकाशाकडं तोंड करून वर्णपटमापक, म्हणजे कुठली किरणं किती येतात ते मोजणारं यंत्र, बसवायचा आणि धुराच्या पट्ट्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी न्यायची. वर किती किरणं गायब झाली ते कळतं, त्याला वाऱ्याच्या वेगानं गुणलं की रोज किती टन वायू बाहेर पडतोय त्याचा अंदाज येतो. गंमत म्हणजे सगळ्यात मोठी चूक वाऱ्याच्या वेगातच होते.

तयारी म्हणाल तर पायथन ही संगणकाची भाषा, इटालियन, आणि दर रविवारी पाठीवर दहा किलो घेऊन पन्हाळा. एटना 3300 मीटरहून उंच आहे, दम लागणारच. वायूचा मुखवटा घालून चढायचीही सवय करतेय. गडावरची पोरं हसतात, हसू देत.

आई मात्र हसत नाही. 1991 मध्ये जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर तापलेल्या राखेच्या लोटात 43 माणसं गेली, त्यात ज्वालामुखीतज्ज्ञही होते. हे मीच तिला सांगितलं, तेव्हापासून रोज विचारते, “जवळ जायलाच पाहिजे का?” खरं सांगते, बरीच मापनं लांबूनच होतात. सगळी नाही.

परवा या दगडाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप करून घेतला. इतका पातळ की त्यातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसतात. तो बॅगेत ठेवताना आई म्हणाली, “काप नेतेयस तर मग दगड कशाला?”

दगड काढला. तिथं आता कांदा-लसूण चटणी बसलीय.