दगड कोणी हलवला?

श्रोतेहो, नमस्कार.

पेरण्या आटोपून तुम्ही जरा टेकला असाल. काही जण तर धुऱ्यावरच्या निंबाखाली बसूनच ऐकत असतील. आज त्या धुऱ्याबद्दलच, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाबद्दलच बोलायचं आहे. धुरा आणि कोर्ट. आपल्या वऱ्हाडात या दोघांचं नातं फार जुनं.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. त्यातले दोन आकडे ध्यानात ठेवा. पैशाला तीन वर्षं, जमिनीला बारा वर्षं. हातउसने दिलेले पैसे तीन वर्षांत कोर्टात मागितले नाहीत, तर पुढे कोर्ट ते वसूल करून देत नाही. पण देणं मरत नाही. घेणाऱ्यानं नंतर 'देतो' असं लिहून सही केली, तर तो पुन्हा बांधला जातो. जमिनीचं तसं नाही. दुसऱ्यानं तुमच्या वावराचा तुकडा उघडपणे, मालक असल्यासारखा, सलग बारा वर्षं वाहिला आणि तुम्ही दावा लावला नाही, तर तुमचा हक्कच संपतो. ठोक्यानं, म्हणजे ठरलेली रक्कम देऊन, दुसऱ्याचं वावर करणारा असा मालक होत नाही, तो घोर लावून घेऊ नका. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानंही हा नियम तर्काला धरून नाही असं म्हटलं आणि केंद्र सरकारला पुन्हा विचार करायला सुचवलं. नियम मात्र आहे तसाच आहे. पुन्हा सांगतो, पैशाला तीन, जमिनीला बारा.

आता माझ्या बाबांची गोष्ट. बाबा आज नाहीत. ज्यांच्याशी आमचा दावा चालला ते काकाजीही नाहीत. काकाजींच्या मुलाला विचारून सांगतो आहे.

मी नऊ वर्षांचा होतो. उन्हाळा सरत आला होता, वखराच्या पाळ्या झाल्या होत्या. शेजारचं वावर काकाजींचं. ते नागपूरला गिरणीत कामाला, वावर ठोक्यानं दिलेलं. त्यामुळे धुऱ्याकडं पाहणारं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी बाबा, आमचा सालदार आणि मी वावरात थांबलो. नाल्याच्या टोकाला मोजणीचा दगड होता. सालदारानं सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, तो मोकळा केला, दोराचा फास टाकला, दोर जुवाला बांधला. कासरा माझ्या हातात दिला. बाबा पलीकडं उभे राहिले आणि बोटानं दाखवलं, 'इथं.' मी बैलांना हाक दिली. बैलांनी दगड ओढला, दहा फूट. सालदारानं तो पुन्हा गाडला, भोवती माती चोपली. झालं.

एका टोकाला दहा फूट, दुसऱ्या टोकाला काहीच नाही, असा पाचरीसारखा तुकडा. धुरा वीस साखळ्या लांब होता. साखळी ३३ फुटांची, म्हणजे ६६० फूट. हिशेब केला तर तीन गुंठे होतात. तीन गुंठ्यांत पऱ्हाटीच्या किती ओळी बसतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

इथं एक बोलून घेतो. बैल धुऱ्याला आला की आपला आपण वळतो. ट्रॅक्टरला ते कळत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपले धुरे ट्रॅक्टरनं खाल्ले. धुऱ्यावरच्या बोरी गेल्या, पळस गेले, हिवर गेले, गाईचं गवत गेलं. उरलंसुरलं आपण उन्हाळ्यात काडी लावून जाळतो. जाळू नका हो. दोन्हीकडून दीड-दीड हात सोडा आणि तिथं झाड राहू द्या. झाड असलं की हद्दही राहते.

तर, चौदा वर्षांनी काकाजी गिरणीतून गावात परत आले. वावर वाहायला घेतलं आणि त्यांना ते उणं वाटलं. मोजणी आणली, नकाशा निघाला, दावा लागला. आमच्या वकिलानं कैफियत, म्हणजे दाव्याला उत्तर, लिहिली. तिच्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, आम्ही धुरा हलवलाच नाही. दुसरी, हलला असेल तरी बारा वर्षं उलटून गेली. कोर्टात असं लिहिता येतं. सात वर्षं पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा, चालल्या. सकाळच्या एसटीनं काकाजीही जायचे, बाबाही जायचे. एकाच गाडीत, एक पुढं, एक मागं. काकूही कधी सोबत असायच्या. पेशीला आलेल्या बायांना तिथं ना सावली, ना प्यायला पाणी, ना धड संडास. न्यायासाठी दिवसभर तिष्ठणाऱ्या माणसाला पाणी मिळणं हाही न्यायाचाच भाग आहे, असं मी मानतो. आजही जिथं ही सोय नसेल तिथं ती झाली पाहिजे.

बाबांची साक्ष झाली त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. शपथ दिली. शपथेत तीन गोष्टी असतात. सत्य सांगेन. संपूर्ण सत्य सांगेन. सत्याशिवाय काही सांगणार नाही. मग काकाजींच्या वकिलानं विचारलं, 'नाल्याकडचा दगड तुम्ही हलवला का?'

बाबा म्हणाले, 'नाही जी.'

श्रोतेहो, शब्द धरून पाहाल तर हे खरं होतं. बाबांचा हात दगडाला लागलाच नव्हता. सब्बल सालदाराची, ओढ बैलांची, कासरा माझा. पण शपथेत 'संपूर्ण' हा शब्द होता. तो मी ऐकला होता, बाबांनीही ऐकला होता. सालदार तोवर वारला होता. मला साक्षीला कोणी बोलावलं नाही, आणि मी आपणहून उठलो नाही. तीस वर्षांचा घोडा होतो मी, शाळेत पोरांना शिकवत होतो. बाबांचं नाव मी सांगतो आहे, तसं माझंही सांगितलं पाहिजे. मी उठलो नाही.

पुढं आपल्या वर्ध्याला येऊन राहिलेल्या गांधीजींवर १९२२ साली अहमदाबादला राजद्रोहाचा खटला चालला. चौरीचौऱ्याची आग त्यांनी लावली नव्हती, ते तिथं नव्हतेही. तरी कोर्टात त्यांनी सांगितलं, की त्या प्रकारापासून मला स्वतःला वेगळं काढता येणार नाही. गुन्हा कबूल केला आणि असेल ती कडक शिक्षा मागितली. सहा वर्षांची झाली. शाळेत मी हा धडा शिकवत असे, आणि शिकवताना मला तो दगड दिसत असे.

निकाल लागला. मोजणीचा नकाशा कोर्टानं मानला, पण दावा मुदतीबाहेर. आम्ही जिंकलो. वकिलानं पेढे मागवले. बाबांनी एक हातात घेतला आणि तो घरापर्यंत तसाच आणला.

तो पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. मग खांदशेकणी आली. आपल्याकडं खांदशेकणी कशी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. पळसाच्या पानांनी बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे आणि म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' आमच्या घरी हे आवतन मी द्यायचो. लहानपणापासून मीच. मला वाटायचं, बाबा माझे लाड करतात. त्या संध्याकाळी मी पानं तुपात बुडवली आणि बाबांनी माझा हात धरला.

'थांब. कवापासून तू देतं आवतन?'

मी आठवून पाहिलं. नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून. त्याच सालापासून.

बाबा म्हणाले, 'त्या जोडीनं दगड ओढला, अन् मी बाजूले उभा होतो. त्याइच्या खांद्यावर हात ठेवून जेवाले या म्हनाले मले तोंड नोतं. म्हून तुले सांगतलं. कोर्टात बी मी बैलायवरच ढकललं, लेका. मी नाही हलवला म्हनलं. मंग कोन हलवला?'

आई दारात उभी होती. आत गेली. माझ्या हातातलं तूप थिजलं.

दुसऱ्या दिवशी तोरण तुटलं आणि बाबांनी जोडी आधी काकाजींच्या दारी नेली. सात वर्षांत आमचे बैल त्या दारी गेले नव्हते. काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या. भांडण माणसांचं असतं, दारी आलेल्या बैलाच्या पायावर पाणी घालावंच लागतं. त्यांनी पाणी घातलं, कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास दिला. बाबा काकाजींना म्हणाले, 'दादा, दगड मी हलवला. तुमचे तीन गुंठे तुमचे हायेत. घ्या.'

काकाजी कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'सात सालं पेशीले गेलो मी. सात सालं. थे कोन वापस देते?'

बाबांजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं, आजही नाही. तीन गुंठे मोजून परत देता येतात. सकाळच्या एसटीतली सात वर्षं कोणत्या साखळीनं मोजायची?

काकाजींनी वरच्या कोर्टात अपील दाखल केलं, त्यात दोघांनी मिळून तडजोड लिहून दिली. बाबांचा वकील म्हणाला, 'जिंकलेला पक्षकार तडजोड कशाला करतो?' बाबा म्हणाले, 'लिहा जी तुम्ही.' आजही हा रस्ता आहे. दावा चालू असताना, अपिलातसुद्धा, दोघांना लेखी तडजोड करता येते आणि कोर्ट तसा हुकूम करतं. हे लक्षात ठेवा, निकाल लागून गेल्यावरही तडजोड करता येते. कोर्टाच्या खर्चापोटी त्या दिवाळीनंतर दोन क्विंटल कापूस काकाजींच्या घरी गेला. त्यांनी तो ठेवून घेतला. बाबांशी मात्र ते बोलत नसत. बोलावं असं आम्हीही कधी म्हटलं नाही.

उन्हाळ्यात पुन्हा मोजणी झाली. दगड जुन्या जागी गेला. या वेळी सब्बल बाबांच्या हातात होती. दोर लावला नाही, बैल आणले नाहीत. साठीचा माणूस, दगड सब्बलीनं उकरत आणि लोटत दहा फूट नेला. काकाजी त्यांच्या वावरात उभे राहून पाहत होते. मी हात लावायला गेलो तर बाबांनी मागं सारलं.

पुढच्या खांदशेकणीला मी सवयीनं पळसाची पानं तुपात बुडवली. बाबा आले, पानं माझ्या हातातून घेतली, बैलाच्या खांद्यावर ठेवली. बराच वेळ शेकत राहिले. मग म्हणाले, 'आज आवतन घ्या.' पुढचं त्यांना एका दमात म्हणता आलं नाही. दुसऱ्या बैलाकडं गेले, आणि तिथं पूर्ण म्हटलं.

नमस्कार.