शंभराचे एकशे साठ

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथं कुठं ऐकत असाल तिथल्या सगळ्यांना नमस्कार. आज आपला रुपया आणि नेपाळचा रुपया यांच्याबद्दल बोलूया.

आता म्हणाल, बेळगावात बसून नेपाळच्या रुपयाचं काय ओ घेऊन बसलाय. अहो, संध्याकाळी कुठल्या तरी चायनीजच्या गाड्यावर थांबून बघा की, कढईमागचा पोरगा बऱ्याचदा नेपाळचाच असतोय. त्याला विचारा, घरी पैसे पाठवलास तर तिकडं किती मिळतात रे? तो मोबाईल काढत नाही, रेट बघत नाही, हातातला झारा पण थांबवत नाही. सौ का एक सौ साठ, झालं. डॉलर आज चढला, उद्या उतरला हे आपण रोज ऐकतो, आणि हा आकडा मात्र फेब्रुवारी १९९३ पासून जागचा हललेला नाही. त्या पोराचा तेव्हा जन्मसुद्धा झाला नसेल.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना घाटापलीकडं दुसरं चलन असणं काय नवीन नाही म्हणा. चोर्ल्याच्या खाली पोर्तुगीज होते तेव्हा गोव्यात आधी रुपिया आणि शेवटी शेवटी एस्कुदो चालायचा, एका रुपियाला सहा एस्कुदो. पण ते राज्यच गेलं, त्याबरोबर हिशोबही गेला. नेपाळचं तसं नाही. तिथल्या बाजारात आपला रुपया आणि त्यांचा रुपया दोन्ही कित्येक वर्षं शेजारी शेजारी फिरत होते, आणि भाव ठरवायचा बाजार, म्हणजे आज एक उद्या दुसरा. १९५६ साली नेपाळ राष्ट्र बँक निघाली, आणि एप्रिल १९६० मध्ये तिनं भाव बांधून टाकला, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. हो, हाच आकडा, तेव्हाचाच.

मग आलं १९६६. दोन युद्धं झालेली, पाऊस नाही, धान्य बाहेरून आणायचं, आणि जून महिन्यात इंदिरा गांधींच्या सरकारनं रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांचा होता तो एकदम साडेसात रुपयांचा झाला. नेपाळ म्हणालं, आम्ही नाही उतरत. आता बघा काय झालं, १०० ला १६० मिळत होते तिथं १०१ मिळायला लागले. म्हणजे जवळजवळ एकास एक! ऐकायला नेपाळचा मान वाढल्यासारखं वाटतं, पण मुंबईला नाहीतर कलकत्त्याला वॉचमनकी करून घरी १०० रुपये पाठवणाऱ्याच्या बायकोच्या हातात ५९ रुपये कमी पडले की ओ. आणि तराईतला, म्हणजे नेपाळच्या सपाट भागातला, तांदूळ आपल्याकडच्या गिऱ्हाईकाला महाग झाला तो वेगळाच. दीड वर्षात नेपाळनं मान सोडला, ब्रिटननं पाउंड उतरवल्यावर डिसेंबर १९६७ मध्ये त्यांनीही आपला रुपया उतरवला आणि भाव १३५ वर आला. पुढं तो सरकत सरकत १९८५ ला १७० पर्यंत गेला, आणि १९९३ ला परत १६० वर येऊन बसला तो बसलाच.

बसला म्हणजे आपोआप बसलेला नाही हं. नेपाळ आपल्याकडून पेट्रोल, डिझेल, औषधं, भाजी सगळं घेतो आणि आपल्याला त्या मानानं फार थोडं विकतो, त्यामुळं त्यांना भारतीय रुपये कायम कमी पडतात. मग त्यांची राष्ट्र बँक डॉलर विकून भारतीय रुपये घेते. ते डॉलर येतात बऱ्यापैकी कतार, मलेशिया, सौदीत घाम गाळणाऱ्या नेपाळी पोरांकडून. म्हणजे बेळगावातल्या पोराला १६० चा भाव मिळतो, त्यात कतारमधल्या त्याच्या भावाचाही हात आहे.

आणखी एक गंमत. गाडीला बांधलेलं वासरू जसं गाडी जाईल तिकडं जातं, तसा त्यांचा रुपया आपल्या मागं फिरतो. डॉलर आपल्याकडं ३१ चा होता तेव्हा तिकडं ५० च्या आसपास, आपल्याकडं ८५ झाला की तिकडं १३६. आपली रिझर्व्ह बँक काय करते त्यावर काठमांडूतल्या मोबाईलची किंमत ठरते, आणि त्यात त्यांना विचारायला कोण जात नाही. म्हणून हा आकडा बदलावा असं तिकडचे जाणकार मधूनमधून म्हणतात. मला विचाराल तर एवढ्यात कोण हात लावणार नाही, कारण नुसती कुजबुज सुरू झाली तरी लोक भारतीय नोटा गोळा करून ठेवायला लागतील.

नोटांवरून आठवलं, २०१६ च्या नोटबंदीत नेपाळातल्या घराघरांत आपल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा तशाच अडकून राहिल्या. इथं राबून मिळवलेल्या, आणि बदलून कोण देईना. २०१८ मध्ये नेपाळ सरकारनं २००, ५०० आणि २००० च्या भारतीय नोटांवर बंदीच घातली, तेव्हा गावी जाणारा माणूस शंभराच्या नोटांचं बंडल बांधून न्यायला लागला. रेल्वेत, बसमध्ये ते बंडल सांभाळत दोन-तीन दिवस जायचं म्हणजे झोप कुठली यायची.

तर तुमच्या हॉटेलात, बांधकामावर कोण नेपाळी पोरं असतील तर त्यांना एवढं सांगा, २००८ पासून आपल्या बँकांतून नेपाळला पैसे पाठवायची सोय आहे, आणि २०२१ मध्ये बँक खात्यातून पाठवणाऱ्यांसाठी एका वेळची मर्यादा ५० हजारांवरून २ लाखांवर नेलीय. एजंटकडं देत असतील तर तो १०० ला १६० देतो की १५५ हे आधी विचारा, कारण भाव बांधलेला असला तरी मधल्या माणसाचा हात बांधलेला नसतो. आणि पावतीवर नेपाळी रुपयांचा आकडा लिहून घ्यायचा, तो काउंटरवरच वाचायचा. बरं, येतो मग, नमस्कार.