मावशींच्या नाकाला बांगडा कळेना

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात मासे विकणाऱ्या एक मावशी तपासायला आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरानू, माका वासच येणा नाय. बांगडो ताजो की शिळो, नाकाक कळणा नाय." वर्षभर सर्दी समजून वाफारा घेत होत्या. दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप. आपण 'नाकात मांस वाढलं' म्हणतो ना, तेच. सोललेल्या ताडगोळ्यासारखं फिकट, चकचकीत. ते दुखत नाही, म्हणूनच माणसं उशिरा येतात. वाफाऱ्याने ते विरघळतही नाही.

वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पार छताशी असतात. पॉलिप तिथली वाट अडवतात आणि सूज त्या पेशींनाही बाधते. मग जेवणही अळणी लागतं. तिखल्यातल्या, म्हणजे माशाच्या तिखट कालवणातल्या, तिरफळाची चुणचुण जिभेला कळेल, पण त्याचा घमघमाट घशामागून नाकात चढतो, तेव्हाच तिरफळ खरं कळतं.

मावशींना मी थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, सोबत नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. सुकट भाजताना वास आला म्हणून बाई रडत होत्या! मलाही भरून आलं. पण बरं वाटलं म्हणून त्यांनी स्प्रे सोडला आणि दिवाळीपर्यंत वास पुन्हा गेला.

हेच मला कळकळीने सांगायचं आहे. वास परतला म्हणजे आजार गेला, असं नाही. गोळ्यांचा गुण लवकर येतो, पण टिकत नाही, आणि त्या वारंवार घेणं धोक्याचं. दुर्बिणीने ऑपरेशन केलं तरी स्प्रे चालूच ठेवावा लागतो, कारण सूज मुळातून जात नाही. स्प्रे मारताना मान किंचित खाली घाला, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारा, नळीचं तोंड मधल्या पडद्याकडे नको. नाक धुवायला उकळून गार केलेलं पाणी आणि मीठ घ्या. समुद्राचं पाणी अजिबात नको. पुन्हा पुन्हा पॉलिप होणाऱ्यांसाठी आता दुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत 2019 मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. वासावर त्याचा गुण चांगला येतो, पण किंमत फार आहे.

दम्याबरोबर अ‍ॅस्पिरिनचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. एकाच नाकपुडीत मांस असेल किंवा रक्त येत असेल तर थांबू नका. आणि वास येत नाही तोवर गॅसची शेगडी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तपासायला सांगा.

मावशींचं पुढे ऑपरेशन झालं. सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी हुंगायचा सराव त्या करतात. चैत्रात सुरंगीच्या फुलांचा वळेसर घेऊन आल्या. म्हणाल्या, "वास येता, पण पयल्यासारको नाय अजून." मी विचारलं, स्प्रे? त्यांनी पिशवीतून बाटली काढून दाखवली.

नमस्कार.