आकुर्डीचे खासदार

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी. आज स्कूटरवाल्या बजाज ऑटोचे प्रमुख राहिलेल्या राहुल बजाज यांच्याविषयी बोलायचं आहे. हात वर करू नका, पण स्कूटर आडवी करून किक मारणारे बाबा इथल्या निम्म्या घरांत असणार! त्या काळी बुकिंग केल्यावर वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले, तर मात्र नंबर लवकर लागे. म्हणजे आपल्या आधी इकडे आलेल्या मंडळींचा भाव तेव्हा भारतात का वाढला होता, ते कळलं असेल.

वाट बघावी लागे, कारण किती स्कूटर बनवायच्या हे दिल्ली ठरवायची. जास्त उत्पादन केलं म्हणून तुरुंगात जायचीही तयारी आहे, असं राहुलजी म्हणत. तुरुंग या घराला नवा नव्हता. आजोबा जमनालाल स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले; मूळचे राजस्थानातल्या सीकरचे, वर्ध्याला दत्तक आलेले. गांधीजी त्यांना पाचवा मुलगा मानत. वडील कमलनयन १९५७ पासून वर्ध्याचे काँग्रेसचे खासदार, पण १९६९ ला पक्ष फुटला तेव्हा ते इंदिराजींच्या विरोधातल्या गटात राहिले.

हार्वर्डहून १९६४ मध्ये एमबीए झालेला हा वारसदार मुंबईतल्या बंगल्यात राहिला नाही, आकुर्डीला कारखान्याच्या वसाहतीत राहिला. तेव्हाचं आकुर्डी म्हणजे पुणेकरांच्या दृष्टीने गावाबाहेरच! सोबत पत्नी रूपाताई, माहेरच्या घोलप. १९६१ साली मारवाडी उद्योगपतीच्या घरात प्रेमविवाहाने मराठी सून येणं ही सोपी गोष्ट नव्हती.

आता खासदारकी. प्रमोद महाजनांच्या निधनाने रिकामी झालेली राज्यसभेची जागा २००६ मध्ये त्यांनी अपक्ष म्हणून जिंकली. भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी पाठीशी, समोर काँग्रेसचा उमेदवार. जमनालालांचा नातू काँग्रेसला हरवून दिल्लीला गेला! २०१० पर्यंत ते सभागृहात होते. खरं सांगू? माझ्या मते त्यांची खरी संसद बाहेर होती. हातात माइक आला की पुरे.

त्यांचं सगळंच मला पटत नाही. १९९३ मध्ये ‘बॉम्बे क्लब’च्या उद्योगपतींसोबत त्यांनी परदेशी कंपन्यांआधी आम्हाला सावरायला वेळ द्या, अशी मागणी केली. स्पर्धेची भीती वाटते म्हणून टीका झाली, ती अगदीच चुकीची नव्हती. (इथे परदेशी कंपन्यांचा पगार खाणारे आपण जरा जपूनच बोलावं, हेही खरं.)

पण नोव्हेंबर २०१९ ची मुंबईतली संध्याकाळ आठवा. व्यासपीठावर अमित शहा, निर्मला सीतारामन, पीयूष गोयल. समोर बडे उद्योगपती, सगळे गप्प. एक्याऐंशी वर्षांचे राहुलजी उठले. माझं नाव नेहरूंनी ठेवलंय, तुम्हाला आवडणार नाही, अशी सुरुवात करून सरळ म्हणाले की, टीका केली तर तुम्ही ती चांगल्या मनाने घ्याल असा आम्हाला विश्वास वाटत नाही. घाबरायचं कारण नाही, असं शहांनी उत्तर दिलं.

घरातही तोच खाक्या. २००९ च्या अखेरीस मुलगा राजीव यांनी स्कूटर बंद करून मोटारसायकलवरच भर द्यायचं ठरवलं, तेव्हा वडिलांनी आपल्याला वाईट वाटल्याचं पत्रकारांसमोरच सांगून टाकलं. मुलाने ऐकलं नाही. दहा वर्षांनी त्याच राजीवनी चेतक स्कूटर पुन्हा आणली, विजेवर चालणारी.