कोपऱ्यातला तारा: स्मार्ट दुर्बिणीची भिंगं कशी ठरतात

(दृश्य: नळी उघडून टेबलावर मांडलेले भाग)

स्मार्ट दुर्बीण म्हणजे आतल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं आकाश मोबाइलवर दाखवणारी दुर्बीण. बहुतेक स्मार्ट दुर्बिणींना डोळा लावायची सोयच नसते. म्हणून आखणी सुरू होते ती सेन्सरपासून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपपासून.

समजा सेन्सर 11.2 × 6.3 मिमीचा, पिक्सेल 2.9 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). पुढे 30 मिमी व्यासाचं, 160 मिमी फोकल लेंथचं (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) भिंग. चौकटीत चार अंश रुंद आकाश मावतं, म्हणजे ओळीनं आठ पूर्णचंद्र.

इथे साधं जोडभिंग (दोन काचांचं भिंग) लावलं, तर मधले तारे टिंबासारखे आणि कोपऱ्यातले फुगलेले दिसतात. प्रतिमेचा पृष्ठभाग मुळात सपाट नसतोच. त्याच्या वक्रतेची त्रिज्या ढोबळमानानं फोकल लेंथच्या एक तृतीयांश. कोपऱ्यात फोकस जवळजवळ 0.4 मिमीनं चुकतो आणि एकेक तारा वीसहून जास्त पिक्सेलांवर पसरतो. चित्राच्या कडेला येणारा काळोख फ्लॅट फ्रेमनं, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोशी ताडून, निघतो. हा फुगीरपणा कुठल्याच सॉफ्टवेअरनं धड निघत नाही. त्यावर उपाय काचेचाच: सेन्सरच्या अलीकडे फील्ड फ्लॅटनर, म्हणजे प्रतिमा सपाट करणारं भिंग. शिवाय रंग फाकू नयेत म्हणून पुढच्या गटात ईडी काच (रंग कमी फाकवणारी काच), आणि अवरक्त अडवणारा फिल्टर. सेन्सरला अवरक्त दिसतं, पण भिंग ते नेमकं जुळवत नाही.

(दृश्य: फोकसची मोटर, जवळून)

एफ 5.3 ला (फोकल लेंथ भागिले व्यास) फोकस पुढे-मागे चुकायची मुभा जेमतेम ±30 मायक्रॉन. तापमान दहा अंशांनी उतरलं, की 160 मिमीची ॲल्युमिनियमची नळी 37 मायक्रॉननं आखडते. संपली मुभा! त्यामुळे रात्रीतून अनेकदा ऑटोफोकस लागतो, आणि गिअरमधली ढिलाई नडू नये म्हणून मोटर नेहमी एकाच बाजूनं फोकसवर आणतात. फिल्टरही सारख्याच जाडीचे हवेत. काच आपल्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका फोकस मागे सरकवते, जाडीत 0.1 मिमीचा फरक असला तरी पुन्हा तेच 33 मायक्रॉन.

(दृश्य: चार कोपऱ्यांतले तारे, मोठे करून)

तपासणी कोपऱ्यांत करायची. फोकस थोडा आत-बाहेर केल्यावर समोरासमोरचे कोपरे आळीपाळीनं नेमके होत असतील, तर सेन्सर तिरका आहे. त्याच्या स्क्रूखाली पातळ पत्रा द्यावा. चारही कोपरे एकदमच बिघडत असतील, तर फ्लॅटनर आणि सेन्सरमधलं अंतर चुकलंय. आणि तारे मध्याभोवती गोल ओढल्यासारखे दिसले, तर भिंगांना हात लावू नका. ते क्षेत्रभ्रमण आहे, म्हणजे फोटो चालू असताना चौकटीतलं आकाश फिरलंय. एकेका फोटोचं एक्स्पोजर कमी करा.