देश नंतर, आधी घड्याळ

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? हा माईक जवळ घेतला की शिट्टी मारतो आणि लांब धरला की मी बोलतेय हे मलाच कळत नाही, तेव्हा मधलं काहीतरी चालवून घ्या. संयोजकांनी विषय दिलाय 'इंग्रजी शिकवायला कुठला देश निवडावा' आणि बोर्डवर खाली बारीक अक्षरात 'सहा देशांची तुलना' असंही लिहिलंय. तुलना मी करणारे. तक्ता करून आणलाय, हा बघा. पण त्याआधी मला एक गोष्ट सांगायचीय, ती मी गेली काही वर्षं जो भेटेल त्याला ऐकवत असते. आज पहिल्यांदाच लोक ती ऐकायला स्वतःहून खुर्चीत बसलेत, तर ही संधी मी काही सोडत नाही.

इंग्रजी शिकवायचा कोर्स किती जणांनी केलाय? सेल्टा, ट्रिनिटी, ऑनलाइन टेफल, काहीही. बरेच हात आहेत. म्हणजे वर्ग कसा घ्यायचा ते मी सांगायला नको. आता देश कसा ठरवताय ते सांगा. पगार. व्हिसा. राहण्याचा खर्च. तिकडून कोणीतरी हळूच 'समुद्र' म्हणालं, त्यांनी मला नंतर भेटावं, आपलं जमेल.

पण मी तिथे रोज कामावर किती वाजता जाणार, हे कोणीच म्हणालं नाही.

हसू नका, मी सिरियसली सांगतेय. एखाद्या देशात इंग्रजी दिवसाच्या कुठल्या वेळेला शिकवतात, एवढं एक कळलं की बाकीचं निम्मं आपोआप कळतं. सकाळी शाळेच्या वेळात शिकवत असतील तर पैसे सरकार नाहीतर शाळा देतेय, वर्गात चाळीस पोरं आहेत आणि त्यातल्या तिसांना तुमच्याशी काही देणंघेणं नाही. संध्याकाळी असेल तर पैसे आईबापांच्या खिशातून येतायत आणि आईबाप काचेच्या दारामागे उभे आहेत. भल्या सकाळी किंवा जेवणाच्या सुट्टीत असेल तर समोर ऑफिसातले लोक आहेत, त्यांना प्रमोशन पाहिजे आणि त्यांचा फोन वाजणार. आणि यावरूनच ठरतं की तुमची सुट्टी कधी, तुम्हाला तिथली भाषा येणार का, आणि तिथे एक तरी मित्र होणार का.

दक्षिण कोरिया घ्या. तिथे नोव्हेंबरात सुनुंग नावाची कॉलेज प्रवेशाची परीक्षा असते. त्यात इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना देशभरात पस्तीस मिनिटं विमानांचं उड्डाण आणि उतरणं बंद ठेवतात. म्हणजे आकाशातली विमानं वर घिरट्या घालतात, कारण खाली पोरं कॅसेट ऐकतायत. (कॅसेट नाही आता, माझं वय कळलं तुम्हाला.) ज्या देशात इंग्रजीसाठी विमान थांबतं तिथे शाळा सुटल्यावर पोरगं घरी थोडंच जाणार आहे, ते हागवॉनमध्ये म्हणजे खासगी क्लासला जातं. सोलमध्ये तर रात्री दहानंतर हागवॉन चालवायचे नाहीत असा नियमच करावा लागला. नियम दहाचा आहे याचा अर्थ शिक्षक नऊ वाजता कुठे असतो ते समजून घ्या.

आता माझी गोष्ट. मी व्हिएतनाम निवडला तो एका फोटोवरून. फोटो होता दा नांगचा, निळा समुद्र, पांढरी वाळू. नोकरी लागली हायफाँगला. हायफाँगही समुद्राकाठीच आहे, पण ते बंदर आहे, तिथे क्रेन दिसतात. आणि दा नांग तिथून रेल्वेने जायचं तर पंधरा तासांच्या वर, तेही आधी हनोईला येऊन. माझं एम.ए. इंग्रजी साहित्यातलं, सेल्टात मोठ्या माणसांचे वर्ग घेतलेले, सहा तासांचं प्रत्यक्ष शिकवणं, मागे ट्यूटर वही घेऊन बसलेले, सगळं रीतसर. त्यामुळे मी समजत होते की मी प्रौढांना शिकवणार.

सेंटरने, म्हणजे मी लागले त्या खासगी इंग्रजी क्लासने, टाइमटेबल दिलं. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते नऊ. शनिवार-रविवार सकाळी पावणेआठपासून दिवसभर. आणि रविवारच्या पावणेआठच्या चौकोनात लिहिलं होतं 'वय 4 ते 5'. सोबत एक हिरवा कापडी बेडूक दिला, हातात घालायचा. तर चित्र असं बघा, मिल्टन वाचून गेलेली बाई रविवारी पहाटे उठून बेडूक हातात घालून उड्या मारतेय आणि काचेपलीकडे अठरा आया मोबाईलवर शूटिंग करतायत.

पोरं गोड होती, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकेच व्यंजन येतात आणि तेही ओठातच राहतात, त्यामुळे राइस, राइट आणि राइड हे तिन्ही 'राइ'. सगळं वर्ष मी शेवटचा 'स' वसूल करण्यात घालवलं. नावाचंही तसंच झालं. व्हिएतनाममध्ये माणसाचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी येतं आणि हाक त्याच नावाने मारतात. माझ्या डिग्रीवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. झालं. बाई शिक्षिकेला तिथे 'को' म्हणतात, तर मी वर्षभर 'को' आणि पुढे माझ्या बाबांचं नाव, तेही शेवटचं अक्षर गिळून. पहिल्या महिन्यात दुरुस्त करायला गेले, मग सोडून दिलं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते आठवडाभर खूश होते.

तक्रार आहे ती घड्याळाबद्दल. दुपारी बारा वाजता मी आंघोळ करून, फ्रेश होऊन, आज जरा लोकांशी बोलू म्हणून गल्लीत उतरायचे, आणि गल्ली झोपलेली. जेवल्यावर झोप म्हणजे झोप, दुकानदार फोल्डिंग खाटेवर, बँकेतला माणूस टेबलावर डोकं टेकून. दोनला लोक उठले की कामाला लागायचे. पाचला त्यांचं काम संपायचं, बायका दोरीच्या उड्या मारायला, म्हातारे पटावर, सगळं गाव बाहेर छोट्या प्लास्टिकच्या स्टुलांवर, आणि मी त्या सगळ्यांच्या मधून स्कूटरवर सेंटरला. पावणेदहाला परत यायचे तेव्हा घरमालकीण गेट ओढून घेत असायची. आमची ओळख वर्षभर त्या गेटच्या फटीएवढीच.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांचं असंच होत असेल. नाही ना! माझ्याच बॅचची एक मुलगी त्याच शहरात सरकारी शाळेत लागली. सकाळी साडेसात ते अकरा, दुपारी दोन ते चार. पगार माझ्याहून कमी. सहा महिन्यांत ती बाजारात व्हिएतनामी भाषेत भांडत होती, शेजारच्या लग्नाला जात होती, आणि 20 नोव्हेंबरला, त्यांचा शिक्षक दिन असतो, तिच्या हातात मावत नव्हती एवढी फुलं. मला व्हिएतनामीत 'पुढच्या चौकात डावीकडे' एवढं येत होतं. देश एकच, शहर एकच, फक्त घड्याळ वेगळं. ती मुलगी मला भेटली नसती तर मी आजही सांगत फिरले असते की व्हिएतनामी लोक फार मिसळत नाहीत.

आणि तासावर पगार हा एक वेगळाच प्रकार. तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत. सेंटर दोन आठवडे बंद. आनंदाने फिरायला गेले, आणि महिन्याच्या शेवटी पगाराच्या आकड्यात ते दोन आठवडे नव्हतेच. काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

बरं, एक जरा बाजूला जाते. सेंटरच्या दारात एक मोठं पोस्टर होतं, त्यावर सोनेरी केसांचे एक सर. ते सर पूर्व युरोपातले, माणूस अतिशय चांगला, पण त्यांचं इंग्रजी... त्यांचे लेसन प्लॅन मी तपासून द्यायचे. त्यांचा तासाचा दर माझ्यापेक्षा जास्त. मी विचारलं तर मॅनेजर म्हणाली, पालकांना आवडतं. ब्रज काचरू माहीत असतील तुम्हाला, काश्मीरचे भाषाशास्त्रज्ञ, त्यांनी 1985 मध्ये इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली. आतल्या वर्तुळात जन्माने इंग्रजी बोलणारे ब्रिटन-अमेरिका वगैरे, बाहेरच्यात इंग्रजी दुसरी भाषा म्हणून वापरणारे आपल्यासारखे, पसरत्यात ती परकी भाषा म्हणून शिकणारे चीन-जपान-व्हिएतनाम. पोस्टरवरचे सर तिसऱ्या वर्तुळातले, मी दुसऱ्या, आणि पैसे मात्र पहिल्या वर्तुळासारखं दिसण्याचे. जन्माने इंग्रजी बोलणाराच चांगला शिक्षक, या समजुतीला भाषा-अभ्यासक रॉबर्ट फिलिप्सन यांनी सरळ 'नेटिव्ह स्पीकर फॅलसी' म्हणजे भ्रम म्हटलंय आणि तिचं मूळ 1961 मध्ये युगांडात मकेरेरेला झालेल्या कॉमनवेल्थच्या परिषदेपर्यंत नेलंय. मॅनेजरला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, रविवारी बेडूक धुऊन आणा.

ही चिठ्ठी कसली? दहा मिनिटं? अहो, तक्ता राहिला की. बरं, पळत जाऊ.

कोरिया. क्लासमध्ये शिकवायचा ई-2 व्हिसा सातच देशांच्या पासपोर्टला, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी 2010 पासून जो व्यापार करार आहे त्यात सरकारी शाळेतल्या सहायक शिक्षकासाठी एक खिडकी आहे, पण शिक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. खिडकी आहे, दार समजू नका. सरकारी शाळा म्हणजे सकाळ, त्यामुळे माझ्या हिशेबात उलट बरंच.

जपान. शाळेत शिकवायचं तर व्हिसासाठी तुमचं स्वतःचं बारा वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. नागरिकत्वाचं नंतर, आधी शाळेचे दाखले काढा. जेट प्रोग्रॅम, म्हणजे शाळांत परदेशी सहायक शिक्षक नेण्याची सरकारी योजना, 1987 पासून आहे, दिवसाची वेळ, पण जास्तीत जास्त पाच वर्षं. खासगी एइकाइवा म्हणजे बोलण्याचे क्लास, दुपारी बारा-एक ते रात्री नऊ आणि शनिवार भरलेला. तिथे रिटायर्ड लोक हौस म्हणून येतात, तो वर्ग मला फार आवडतो. पण आता वेळ नाही.

चीन. 2021 च्या जुलैमध्ये सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कुऱ्हाड घातली आणि संध्याकाळचं मार्केट बसलं, जे उरलं ते मुख्यतः शाळा-कॉलेजात, दिवसा. इंग्रजी शिकवायच्या परमिटला इंग्रजीभाषक देशाचं नागरिकत्व मागतात. कागदांचं एक सोपं झालं, नोव्हेंबर 2023 पासून चीन अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का, मानतो.

थायलंड. शाळा सकाळी आठला, झेंडा आणि राष्ट्रगीत, तुम्ही गेटवर उभं राहून पोरांना गुड मॉर्निंग म्हणायचं. वर्ष मेच्या मध्यात सुरू होतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये शोधा, आणि काँट्रॅक्ट दहा महिन्यांचं की बारा हे विचारा, माझा तेत आठवा. शिक्षकाचं लायसन्स नसेल तर शाळेला तिथल्या शिक्षक परिषदेकडून सूट काढावी लागते. फिलिपिनो शिक्षक भरपूर आहेत, त्यांना गाठा, खरी माहिती त्यांच्याकडे.

ओमान. मी नंतर तिथे दोन वर्षं होते, कॉलेजच्या फाउंडेशन म्हणजे पूर्वतयारीच्या वर्षाला. सकाळी आठ ते दुपारपर्यंत, शुक्रवार-शनिवार सुट्टी. 2013 च्या आधी गुरुवार-शुक्रवार होती, आणि अमिरातीने तर 2022 मध्ये शनिवार-रविवार केली, तेव्हा आखात म्हणजे सगळं एकच असं धरू नका. एम.ए. आणि अनुभव पाहिजे. पगारावर आयकर नाही, 2028 पासून येतोय पण वर्षाला 42,000 रियालच्या वरच्या कमाईवर, म्हणजे इथे बसलेल्यांनी घाबरू नये.

स्पेन. सरकारी योजनेत आठवड्याला बारा ते सोळा तास, ऑक्टोबर ते मे, उन्हाळ्यात शून्य. कुठल्या देशांतून घेतात ते दरवर्षी बघा. खासगी अकादमी संध्याकाळी, पण तिथे सगळा देशच रात्री उशिरा जेवतो, त्यामुळे नऊला सुटलात तरी लोक जागे असतात! म्हणजे माझ्या नियमाला स्पेन अपवाद, घड्याळ फक्त तुमचं नाही, गावाचंही बघायचं. हे आधी सांगायला हवं होतं खरं म्हणजे.

नेदरलँड्स कोणीतरी विचारलं. त्यांना इंग्रजी येतं हो, तुमच्याकडून काय शिकतील!

दुसरी चिठ्ठी आली, थांबते. तक्त्याच्या झेरॉक्स दाराशी आहेत. मुलाखतीला विचारायचे प्रश्न मागच्या बाजूला लिहिलेत: पहिला तास किती वाजता, शेवटचा किती वाजता, दोन तासांच्या मध्ये रिकामा वेळ किती आणि त्याचे पैसे मिळतात का, सुट्टीचे दोन दिवस सलग आहेत का. नावाचा क्रम पासपोर्टवर आणि डिग्रीवर वेगळा असेल तर ते पण आत्ताच निस्तरा, सहा-सहा महिने जातात. आणि समुद्र कोण म्हणालं होतं ते थांबा जरा, बेडूक मी आणलाय पर्समध्ये.