ज्या रेघेवरून मोजायचं, तीच खचली तर?

नमस्कार श्रोतेहो. 14 मार्च 1938 ला आपल्या सातपुड्यात 6 रिश्टरच्या वरचा भूकंप झाला. तापीखोऱ्यातल्या जुन्या भेगा तिथेच आहेत. मग तिथली जमीन सरकते की नाही, हे मोजायचं कसं?

जपानातली हकिगत ऐका. तिथल्या उंच्या टोक्योत दगडी चौथऱ्यात बसवलेल्या एका स्फटिकाच्या पट्टीवरून धरतात. पट्टीवर शून्याची रेघ आहे. 1891 साली तिची उंची ठरली 24.5 मीटर. डोंगर असो की पूल, सगळं त्या रेघेवरून. 1923 साली टोक्योभोवतालच्या कांतो भागात भूकंप झाला. समुद्रापासून पुन्हा लेव्हल घेत आले, तर ती रेघच 86 मिलिमीटर खचलेली! नवी उंची लिहिली 24.4140. पुढे 11 मार्च 2011. भूकंपाचं केंद्र टोक्योपासून साडेतीनशे किलोमीटरहून लांब, समुद्रात. तरी रेघ आणखी 24 मिलिमीटर खाली गेली आणि उंची 24.3900 करावी लागली. केंद्राजवळच्या ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस स्टेशन तर 5.3 मीटर पूर्वेला सरकलं आणि 1.2 मीटर खाली बसलं. श्रोतेहो, ज्या खुणेवरून मोजायचं, ती खूणच हलते.

म्हणून मोजणी उपग्रहांवरून करायची. उपग्रहांचे संकेत घेणाऱ्या अँटेनाचा खांब काळ्या मातीत कधीच नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांबही तिच्यासोबत वरखाली होतो. खांब खालच्या काळ्या पाषाणात रोवा. अँटेनाची उंची दोनदा मोजा, चुका जास्त तिथेच होतात. एकेका खुणेवर किमान 24 तासांची नोंद घ्या.

त्याच खुणेवर गुरुत्वमापक ठेवायचा. जमीन 1 सेंटिमीटर खचली की गुरुत्व सुमारे 3 मायक्रोगल वाढतं. मायक्रोगल म्हणजे गुरुत्वाचा शंभर कोटीवा भाग. यंत्राची स्प्रिंग हळूहळू ताणत जाते, म्हणून पहिल्या खुणेवरून दुसरीकडे जा आणि पुन्हा पहिल्या खुणेवर या; पहिल्या खुणेवरच्या दोन वाचनांतला फरक वेळेच्या प्रमाणात मधल्या वाचनांत वाटून टाका. यंत्राला गाडीत हादरा बसला तर थांबा, लगेच वाचन घेऊ नका. चंद्रसूर्याच्या ओढीची दुरुस्तीही विसरू नका, ती दिवसात दोनशे मायक्रोगलच्याही वर जाऊ शकते.

आता आपल्याकडची खरी अडचण, पाणी. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअरची पातळी 1 मीटर उतरली आणि मातीच्या पोकळ्या दहा टक्के धरल्या, तर गुरुत्व सुमारे 4 मायक्रोगल कमी होतं. उपग्रह म्हणतो उंची तीच आहे आणि गुरुत्व मात्र घटलं, तर जमीन हललेली नाही, पाणी गेलंय. पुन्हा सांगतो: उंची तीच, गुरुत्व कमी, म्हणजे पाणी गेलं. माझं तर ठाम म्हणणं आहे, विहिरींची पातळी दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलीच पाहिजे, मतदार यादी लागते तशी. भूकंप मोजणाऱ्यालाही ती हवी आणि केळीवाल्यालाही.

म्हणून गुरुत्वाचं वाचन घ्याल, त्याच दिवशी जवळच्या विहिरीत टेप सोडा आणि पातळी त्याच वहीत, त्याच ओळीत लिहा. नमस्कार.